हरित हायड्रोजनचा जीव ५० मायक्रॉनच्या पडद्यात

भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि विषय त्यानं आधीच ठरवून टाकला होता: हरित हायड्रोजन, म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेनं पाणी फोडून काढलेला हायड्रोजन. नागपुरात या शब्दाला तसाही भाव आहे. ३० मार्च २०२२ रोजी इथले खासदार नितीन गडकरी हायड्रोजनवरच्या टोयोटा मिरायमध्ये बसून संसदेत गेले, तेव्हापासून पानठेल्यावरसुद्धा ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’ची चर्चा होते. (गाडी पाण्यावर चालत नाही. हायड्रोजनवर चालते आणि पाणी सोडते. पण पानठेल्यावर हे कोण ऐकून घेतो!)

रविवारी सकाळी ओट्यावर प्रयोग मांडला. काचेचा ग्लास, त्यात पाणी, पाण्यात चमचाभर मीठ, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. वायर जोडताच पेन्सिलीच्या शिशांवर बुडबुडे आले. भाचा खूश. तेवढ्यात आतून बहीण ओरडली, “काय करून राहिले रे तुम्ही दोघं? स्विमिंग पूलसारखा वास येऊन राहिला!”

वास क्लोरीनचा होता. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन मिळतो खरा, पण दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनऐवजी बराचसा क्लोरीनच निघतो, आणि तो नाकात जाऊ नये असा वायू आहे. खिडकी उघडली, पाणी ओतून दिलं आणि मिठाऐवजी खायचा सोडा घातला. क्लोरीनचं हे प्रकरण लक्षात असू द्या. ज्या पडद्याबद्दल मी सांगणार आहे, त्याचा जन्म या वासापायीच झाला.

दुसऱ्या खेपेला भाच्यानं जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर हाच हा लेख. तो म्हणाला, “मामा, हे दोन वायू एकमेकांत मिसळत काहून नाही?”

मिसळतात. ग्लासाच्या वर, हवेत, मिसळतातच. पाण्याच्या आत ते वेगळे दिसतात, कारण आपण दोन पेन्सिली लांब ठेवल्यात. १८०० साली निकोल्सन आणि कार्लाइल या दोन इंग्रजांनी व्होल्टाच्या नव्या कोऱ्या बॅटरीनं पाणी फोडलं, तेव्हापासून शाळेतल्या प्रयोगापर्यंत ही अंतराचीच युक्ती चालत आली. पण अंतर फुकट मिळत नाही. पाण्यातून वीज वाहते ती आयनांच्या, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांच्या प्रवासानं, आणि प्रवास जितका लांब तितकी वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. आमच्या ग्लासात बॅटरीच्या नऊ व्होल्टपैकी पाणी फोडायच्या कामी आले असतील जेमतेम दोन. उरलेले सात व्होल्ट पाणी कोमट करण्यात गेले. ओट्यावर हे चालतं. कारखान्यात विजेचं बिल भरणारा माणूस दुसऱ्या दिवशी काम बंद करेल.

मग पेन्सिली जवळ आणा. अगदी चिकटून. तोटा कमी होतो, पण आता दोन्ही वायू एकाच जागी उगवतात. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ९४ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी मिश्रण ठिणगीनं पेट घेतं. म्हणजे मध्ये काहीतरी घालायला हवं, आणि ते ‘काहीतरी’ फार विचित्र स्वभावाचं असायला हवं: आयनांना जाऊ देणारं, वायूंना अडवणारं, स्वतःमधून इलेक्ट्रॉन अजिबात न वाहू देणारं (नाहीतर शॉर्ट सर्किट), आणि गरम आम्लात किंवा अल्कलीत वर्षानुवर्षं बसूनही न विरघळणारं.

पहिलं उत्तर आपल्या घरातच आहे. माठ. त्याच्या भाजलेल्या मातीच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात आणि ती पाण्यानं भरलेली असतात. आयन त्या ओल्या वाटांनी पलीकडे जातात. बुडबुडा मात्र अडतो, कारण अरुंद छिद्रातलं पाणी ढकलून बाहेर काढण्याइतका जोर त्याच्यात नसतो. एकोणिसाव्या शतकातल्या डॅनियल घटात (घट म्हणजे बॅटरीचा एक सेल) असंच मातीचं भांडं वापरत. उद्योगात माठाच्या जागी ॲस्बेस्टॉसचं कापड आलं, आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला काय करतात हे कळल्यावर पॉलिसल्फोन नावाचं प्लास्टिक आणि झिरकोनियाची भुकटी यांचा अर्धा मिलिमीटर जाडीचा सच्छिद्र पत्रा आला. पाण्यात पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, वजनानं साधारण ३० टक्के. इलेक्ट्रोड निकेलचे. ही अल्कलाइन पद्धत जुनी आणि दणकट आहे. पंजाबात नंगलला भाक्राच्या विजेवर ती साठच्या दशकात खतासाठी हायड्रोजन बनवत होती आणि देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना तिच्याच जोडीला उभा राहिला. तेव्हा कोणी त्याला ‘हरित’ म्हणत नव्हतं एवढंच.

माठासारख्या पडद्याची अडचण अशी की त्याला आरपार छिद्रं आहेत. पाण्यात विरघळलेला वायू त्यांतून जातो. एका बाजूचा दाब वाढला तर पाणीच पलीकडे ढकललं जातं. आणि पडदा जाड ठेवावा लागतो, म्हणून वीज जास्त लागते. हवा होता तो छिद्र नसलेला पडदा, तरीही आयन पार करणारा. हे ऐकायला ‘बंद दारातून जा’ म्हटल्यासारखं वाटतं.

ते दार सापडायला अंतराळयानं कारणीभूत झाली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलार्ड थॉमस ग्रब यांनी १९५५ मध्ये एक पॉलिमरचा पापुद्रा इंधन-घटात वापरून पाहिला. पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचंच मूळ द्रव्य, त्याला सल्फोनिक आम्लाचे गट चिकटवलेले. १९६५ च्या जेमिनी ५ यानात असा घट हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोडून वीज देत होता. यान चाललं, पण पापुद्रा झिजत होता. पॉलिस्टायरीनच्या साखळीला ऑक्सिजनच्या सहवासात फार दिवस तग धरता येत नाही.

तग धरणारं प्लास्टिक कोणतं, हे नॉनस्टिक तवा वापरणाऱ्या कोणालाही सांगता येईल. टेफ्लॉन, १९३८ मध्ये ड्यूपाँटच्या रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानंच लागलेलं. त्याला काही चिकटत नाही, काही खात नाही, पाणीसुद्धा टेकत नाही. आणि हीच पंचाईत, कारण आयनांना पाणी लागतं. साठच्या दशकात ड्यूपाँटचेच वॉल्थर ग्रोट यांनी टेफ्लॉनसारख्या साखळीला बाजूच्या फांद्या जोडल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला सल्फोनिक आम्लाचा गट बसवला. या पदार्थाचं नाव नॅफिऑन. त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढणाऱ्या कारखान्यांचं. त्यांना क्लोरीन पाहिजेच होता, फक्त तो कॉस्टिकमध्ये मिसळायला नको होता. बहिणीनं ज्या वासावरून आम्हाला झापलं, त्या वासाचा धंदा करणाऱ्यांसाठीच हा पडदा वाढला. हायड्रोजनवाल्यांना तो आयता मिळाला.

आता या दाराची गंमत. वडाचं झाड डोळ्यांसमोर आणा. आडवी फांदी म्हणजे टेफ्लॉनची साखळी, पाण्याला तोंड फिरवणारी. तिच्यापासून लोंबणाऱ्या पारंब्या म्हणजे बाजूच्या फांद्या, आणि प्रत्येक पारंबीचं टोक पाण्यासाठी आसुसलेलं. अशा लाखो फांद्या गर्दीनं एकत्र आल्या की फांद्या फांद्यांकडे सरकतात आणि पारंब्यांची टोकं टोकांकडे. टोकांच्या घोळक्यात पाणी साचतं. चार नॅनोमीटरच्या डबक्यांना एक नॅनोमीटरच्या पाटांनी जोडलेलं जाळं, असं चित्र शास्त्रज्ञांनी फार पूर्वी काढलं. नेमका आकार कसा यावर वाद चालूच आहेत, पण टेफ्लॉनच्या भिंती आणि मधून ओल्या वाटा यावर सगळ्यांचं एकमत आहे. डोळ्याला, सूक्ष्मदर्शकालाही, तो एकसंध पारदर्शक पापुद्राच दिसतो.

या वाटांतून जातो तो प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेला हायड्रोजन. आणि तो चालत जात नाही. स्लॅब टाकताना पाहिलंय ना? खालून वरपर्यंत मजूर रांगेत उभे असतात, घमेलं या हातातून त्या हातात जातं आणि मजूर जागचा हलत नाही. पाण्याचे रेणू हे ते मजूर. एका रेणूला डावीकडून एक प्रोटॉन मिळतो आणि तो उजवीकडच्याला आपल्याजवळचा दुसराच देऊन मोकळा होतो. ही कल्पना ग्रोटहुस या तरुणानं १८०६ मध्ये मांडली, तेव्हा पाण्याचं बरोबर सूत्रही कोणाला ठाऊक नव्हतं. काही प्रोटॉन पाण्याच्या रेणूंना सोबत ओढत नेतातही, त्यामुळे पलीकडे थोडं पाणीही पोहोचतं. पण मुख्य मुद्दा रांगेचा. रांग तुटली की काम थांबलं. पापुद्रा कोरडा पडला की प्रोटॉनची वाट बंद. भिजला की तो फुगतो, साध्या हवेतला तुकडा पाण्यात टाकला तर लांबीला सुमारे १० टक्के वाढतो. उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळताना कडा वळतात तसा हा वाळताना आकसतो आणि चौकटीत घट्ट बसवलेला असेल तर फाटू शकतो. म्हणून अशा यंत्राचा पडदा बंद काळातही ओला ठेवतात.

यंत्राची रचना मग सोपी होते. पापुद्र्याच्या एका बाजूला इरिडियम ऑक्साइडचा पातळ थर, दुसऱ्या बाजूला प्लॅटिनमचा, पोळीला दोन्हीकडून तूप लावावं तसा. पाणी सोडायचं इरिडियमच्या बाजूला. तिथं ते फुटतं, ऑक्सिजन बाहेर पडतो, प्रोटॉन पडद्यातून जातात, इलेक्ट्रॉन वायरीनं फिरून येतात आणि प्लॅटिनमवर दोघांची गाठ पडून हायड्रोजन होतो. मिरायमधल्या घटात हीच गोष्ट उलट्या दिशेनं चालते, पडदाही त्याच घराण्यातला. एका घटाला दोन व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून शेकडो घट एकावर एक रचतात. दोन घटांच्या मध्ये टायटॅनियमचा पत्रा असतो. तो एका घटाचं ऋण टोक आणि शेजारच्याचं धन टोक एकदमच होतो. या चळतीला सगळे ‘स्टॅक’ म्हणतात.

इथून पुढचं मला सगळ्यात रंजक वाटतं, कारण ते बिलात दिसतं. एक किलो हायड्रोजनसाठी किती वीजभार वाहावा लागतो हे निसर्गानं ठरवून दिलंय: सुमारे २६,६०० अँपिअर-तास. त्यात कोणाला सूट नाही. आपल्या हाती आहे फक्त व्होल्टेज. म्हणून हिशेब एका ओळीचा: किलोमागे युनिट म्हणजे घटाचे व्होल्ट गुणिले २६.६. पाणी फोडायची सगळी ऊर्जा विजेतूनच द्यायची तर किमान १.४८ व्होल्ट, म्हणजे ३९.४ युनिट. प्रत्यक्षात घट १.९ वर चालला तर ५०.५ युनिट. मधला फरक कुठं जातो? काही उत्प्रेरकांवर, म्हणजे त्या इरिडियम-प्लॅटिनमच्या थरांवर, आणि बराचसा पडद्यात.

पडद्याचा तोटा काढू. नॅफिऑन ११७ हा जुना, सगळीकडे वापरलेला पडदा. नावातला शेवटचा सात म्हणजे जाडी, एका इंचाचे सात हजारांश, अर्थात १७८ मायक्रॉन. चौरस सेंटिमीटरमागे दोन अँपिअर सोडले आणि वाहकता सेंटिमीटरला ०.१ सीमेन्स धरली (गरम यंत्रात ती थोडी बरी असते), तर एकट्या पडद्यात ०.३६ व्होल्ट जातात. किलोमागे साडेनऊ युनिट. त्याऐवजी ५० मायक्रॉनचा पडदा घाला, तोटा ०.१ व्होल्ट, पावणेतीन युनिट. ५० मायक्रॉन हा आकडा महाराष्ट्रात भाजीवाल्यालाही पाठ आहे, कॅरीबॅगच्या जुन्या नियमामुळे. तेवढा पातळ पडदा वापरल्यानं किलोमागे जवळपास सात युनिट वाचतात. पाच रुपये युनिट धरा, पस्तीस रुपये. मोठ्या कारखान्यात वर्षाला होणारी रक्कम तुम्हीच काढा.

मग सगळे ५० मायक्रॉनच का वापरत नाहीत?

कारण पातळ पडद्यातून हायड्रोजनही चोरपावलांनी पलीकडे जातो. त्या ओल्या वाटांमधल्या पाण्यात तो थोडासा विरघळतो आणि हळूहळू ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो. अभियंते याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. हायड्रोजन पुढे टाकीत दाबून भरायचाच असतो, म्हणून यंत्रातच तो ३० बार दाबानं काढतात, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तेरा-चौदा पट. दाब वाढला की झिरपणं वाढतं. पडदा अर्धा केला की झिरपणं साधारण दुप्पट.

आणि सूर्य या भानगडीत भर घालतो. हे मला समजायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. झिरपणारा हायड्रोजन दाबावर, तापमानावर आणि जाडीवर ठरतो, विजेवर फारसा नाही. ऑक्सिजन मात्र विजेच्या प्रमाणात तयार होतो. समजा, भर दुपारी पूर्ण लोडवर ऑक्सिजनमध्ये अर्धा टक्का हायड्रोजन आहे. काही धोका नाही. तेवढ्यात काटोलकडून अवकाळी ढग आले आणि सौर पॅनेलची वीज दहाव्या हिश्श्यावर आली. ऑक्सिजन दहापट कमी झाला, झिरपणं तेवढंच राहिलं. अर्ध्या टक्क्याचे पाच टक्के झाले. चार टक्क्यांची ज्वलनाची रेघ ओलांडली. म्हणून सुरक्षेची यंत्रणा साधारण दोन टक्क्यांनाच स्टॅक बंद करते. सच्छिद्र पडद्याच्या अल्कलाइन यंत्राला तर हा त्रास आणखी आधी होतो, ते फार कमी लोडवर चालवताच येत नाही. ‘सौर ऊर्जेवर हायड्रोजन’ हे तीन शब्द भाषणात सहज येतात, त्यातल्या ढगाचा हिशेब पडद्याला द्यावा लागतो.

यावर तोडगे आहेत. पडद्यात टेफ्लॉनची ताणलेली जाळी घालून तो पातळ असूनही मजबूत करतात, गिलाव्यात जाळी मारतात तशी. पडद्याच्या आतच प्लॅटिनमचे कण पेरतात, म्हणजे झिरपणारा हायड्रोजन वाटेतच ऑक्सिजनला भेटून पुन्हा पाणी होतो. थोडा माल वाया गेला, पण जीव वाचला.

आता पाणी. नागपूरकराला पाण्यातल्या क्षारांवर वेगळं व्याख्यान नको. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या कूलरच्या ताट्या मे संपेपर्यंत पांढऱ्या, खडबडीत होतात, हात लावला तर भुगा पडतो. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पडद्यात सल्फोनिक आम्लाचा एकेक गट म्हणजे प्रोटॉनसाठी राखलेली एकेक सीट. कॅल्शियमचा आयन आला की एसटीत पिशवी ठेवून दोन सीट अडवणाऱ्या प्रवाशासारखा दोन गटांवर बसतो आणि उठत नाही. थोडेसेही क्षार दिवसेंदिवस येत राहिले तर सगळी बस भरते आणि प्रोटॉन उभेच. आम्लानं धुतलं तर उठतात, पण त्यासाठी स्टॅक थांबवावा लागतो.

लोखंड याहून वाईट. झिरपलेल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजनच्या बाजूला थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. गंजक्या पाइपातून आलेला लोखंडाचा आयन आणि पेरॉक्साइड भेटले की अत्यंत तापट असे मूलक, म्हणजे रेणूंचे अर्धवट तुकडे, जन्मतात आणि ते टेफ्लॉनसारख्या साखळ्याही कुरतडतात. पडदा आतून पातळ होत जातो. बाहेर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड दिसू लागलं की समजायचं पडदा झिजतोय. आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं नाव पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढणाऱ्या नलगोंडा पद्धतीशी जोडलेलं आहे. इथं मात्र फ्लोराइड म्हणजे पडद्याच्या तब्येतीची नाडी.

म्हणून या यंत्राला नळाचं पाणी चालत नाही, आरओचंही पुरत नाही. घरच्या आरओमध्येही मेम्ब्रेनच असतो, पण त्याचं काम अगदी उलटं: पाण्याला सोडायचं आणि आयनांना अडवायचं. इथं त्याच्या पुढची शुद्धता लागते. माझा एक मित्र औष्णिक वीज केंद्राच्या डीएम प्लांटवर आहे, म्हणजे बॉयलरसाठी क्षारमुक्त पाणी बनवणाऱ्या विभागात. त्याला मी हे सांगितलं तर तो हसला. “मग त्यात नवीन काय? आपण रोज तेच करून राहिलो, भाऊ.” खरंय. औष्णिक केंद्रांना हायड्रोजनही नवा नाही, तिथली मोठी जनित्रं हायड्रोजननंच थंड ठेवतात.

पाणी किती लागेल, यावर मात्र उगाच घबराट आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये नऊ लिटर पाणी जातं, शुद्धीकरणात वाया जाणारं धरून थोडं जास्त. एक मेगावॉटचा संच अखंड चोवीस तास चालला तर साधारण ४६० किलो हायड्रोजन देईल. पाणी चार ते सहा हजार लिटर, म्हणजे लहानसा टँकर. थंड करायला लागणारं पाणी वेगळं, आणि ४५ अंशाच्या नागपुरात ते विसरून चालणार नाही. पण कोराडीचं वीज केंद्र भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतं, हे या शहरानं करून दाखवलेलं आहे. तेच पाणी आणखी दोन पायऱ्या शुद्ध केलं की पडद्यालाही चालेल.

खरी टंचाई पाण्याची नाही, इरिडियमची आहे. पडदा आम्लधर्मी, म्हणून ऑक्सिजनच्या बाजूला निकेल-लोखंड विरघळून जातं, तग धरतं ते इरिडियम. जगात ते वर्षाला सात-आठ टन निघतं, बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीत जोडधंदा म्हणून. धातू इतका जड की जगाचं वर्षभराचं इरिडियम गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत मावेल, वर जागाही उरेल. सध्याच्या यंत्रांना किलोवॉटमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास लागतं. ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे, आणि त्यासाठी किमान ६० गिगावॉटची यंत्रं लागतील. सगळी या पद्धतीची घ्यायची म्हटलं तर ३० टन इरिडियम, साऱ्या जगाची चार वर्षांची कमाई. १९,७४४ कोटींची तरतूद आहे, पण खाणीतच नसेल तर पैसा काय करणार?

यातून निघालेली वाट म्हणजे उलट्या स्वभावाचा पडदा. प्रोटॉनऐवजी हायड्रॉक्साइड आयन नेणारा. साखळीला आम्लाऐवजी धनभाराचे, नायट्रोजनचे गट चिकटवायचे. मग सगळं वातावरण अल्कधर्मी होतं आणि इरिडियम-प्लॅटिनमच्या जागी निकेल चालतं. अल्कलाइनची स्वस्ताई आणि पातळ पडद्याची चपळाई एकत्र. आसामात जोरहाटला ऑइल इंडियानं एप्रिल २०२२ मध्ये १०० किलोवॉटचा असाच संच सुरू केला, दिवसाला १० किलो क्षमतेचा. गोम अशी की पडद्यातून ज्याला न्यायचं तो हायड्रॉक्साइडच धनभाराच्या गटांवर हल्ला करून त्यांना तोडतो, उष्णतेत तर जास्तच. पाहुणाच घराची वीट काढतो. टिकाऊ गट शोधण्यात गेल्या काही वर्षांत मोठी प्रगती झाली आहे. माझं मत विचाराल तर पुढची दहा वर्षं या पडद्याची आहेत. पण हे मत आहे, पैज नाही.

तिकडे नॅफिऑनच्या घराण्यावर वेगळंच बालंट आलंय. जे रसायन कशानं मोडत नाही, ते निसर्गातही मोडत नाही. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी जानेवारी २०२३ मध्ये अशा फ्लोरिनयुक्त रसायनांच्या सगळ्या कुटुंबावर निर्बंधांचा प्रस्ताव दिला. त्यामुळे फ्लोरिन नसलेल्या पडद्यांच्या संशोधनाला जोर आलाय. आपल्याकडे भावनगरची सीएसएमसीआरआय ही मीठ आणि सागरी रसायनांची सरकारी संशोधन संस्था अशा आयन नेणाऱ्या पडद्यांवर अनेक वर्षं काम करते आहे आणि पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, इंधन-घटांवर. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवलेली हायड्रोजन बस केपीआयटी ही कंपनी आणि या सरकारी प्रयोगशाळांची पालक संस्था सीएसआयआर यांची होती. १९४२ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून (आता ते विद्यापीठ आहे) रसायन अभियंते बाहेर पडतात, त्यांतल्या पडद्याचं काम शोधणाऱ्या पोरांनी भावनगर-पुण्याच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

भाच्याला अर्थातच नॅफिऑन परवडणार नव्हतं. आम्ही चहावाल्याकडून एक कुल्हड आणला, साध्या भाजक्या मातीचा, आत चकाकी नसलेला. सोड्याच्या पाण्यात तो उभा केला, एक पेन्सिल आत, एक बाहेर. कुल्हड भिजायला दहा मिनिटं लागली, तोपर्यंत एकही बुडबुडा नाही. रांगच लागली नव्हती ना. मग आले, पण आधीपेक्षा विरळ. भाच्यानं दुसरी बॅटरी जोडली आणि तक्त्यावर लिहिलं: ‘पडद्यामुळे वीज जास्त लागते.’

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी विचारलं, “कुल्हडऐवजी स्टीलचा पेला ठेवला तर?” त्याला उत्तर आलं नाही. घरी आल्यावर दप्तर न टाकता त्यानं आधी पेला ठेवून पाहिला. दोन बॅटऱ्या जोडल्या आणि पेन्सिलींवर बुडबुडे आलेच, शिवाय पेल्याच्या आतल्या भिंतीवर आले आणि बाहेरच्या भिंतीवरही.

“मामा,” तो ओरडला, “पेल्याले तं वायर लावलीच नाही!”

मी त्याला स्टॅकमधल्या टायटॅनियमच्या पत्र्याबद्दल सांगायला बसलो. पेल्याला आतून काळसर डाग पडलेत, ते बहिणीला अजून दिसलेले नाहीत.